नारळयोग्य सुधारणा : एक परिचय

महामुंबई प्रदेशातील सार्वजनिक सुधारणांचे दोन वर्ग पडतात : नारळयोग्य आणि नारळ-अयोग्य. ज्या कामाच्या भूमिपूजनाला नारळ फोडता येतो, ज्याच्या कोनशिलेवर नावे मावतात आणि ज्याच्या उद्घाटनाला मांडव घालता येतो, ते काम पहिल्या वर्गात मोडते. पूल, बोगदे, मेट्रो, मोनोरेल, सागरी सेतू आणि द्रुतगती मार्ग ही त्याची ठळक उदाहरणे. जादा बसगाड्या, बससाठी राखीव मार्गिका, चालता येईल असा पदपथ, भाड्याची घरे आणि वेळेवर बुजवलेला खड्डा हा दुसरा वर्ग. दुसऱ्या वर्गातील कामे स्वस्त असतात, लवकर होतात आणि रोज उपयोगी पडतात. त्यामुळे ती सहसा हाती घेतली जात नाहीत.

प्रदेशात नऊ महापालिका आहेत. प्रवाशांची ने-आण दोन रेल्वे, पालिकांच्या आपापल्या परिवहन सेवा, एसटी आणि मेट्रोच्या निरनिराळ्या कंपन्या करतात. रस्ते पालिका, मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (एमएमआरडीए), रस्ते विकास महामंडळ, सार्वजनिक बांधकाम खाते आणि राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण यांच्यात वाटलेले आहेत. खड्डा कोणाच्या हद्दीत येतो हे ठरेपर्यंत पावसाळा संपतो, हा या वाटणीचा मुख्य लाभ. समन्वयाचा अभ्यास करणाऱ्यांनी अंधेरीचा गोखले पूल जरूर पाहावा. 2022 च्या नोव्हेंबरात तो बंद झाला. रेल्वेच्या नव्या निकषानुसार अधिक उंच बांधून त्याची एक बाजू फेब्रुवारी 2024 मध्ये खुली झाली, तेव्हा त्याला जोडायचा बर्फीवाला पूल खालीच राहिल्याचे दिसून आले. मग जॅक लावून बर्फीवाला पूल उचलण्यात आला. एका चौकात दोन उद्घाटनांची सोय झाली.

वाहतुकीच्या इतिहासात वेगाचे मोजमाप उलटे करावे लागते. बोरीबंदर ते ठाणे या 34 किलोमीटरच्या रेल्वेचे काम 1850 च्या अखेरीस सुरू झाले आणि 16 एप्रिल 1853 रोजी गाडी धावली. वर्सोवा-घाटकोपर मेट्रोचे भूमिपूजन 2006 साली झाले आणि 11.4 किलोमीटरवर गाडी धावायला जून 2014 उजाडला. पहिल्या कामाच्या वेळी समन्वय समिती अस्तित्वात नव्हती, हे ध्यानात घेतले पाहिजे.

मोनोरेल हा या शाखेतील प्रगत नमुना. 2014 साली ती चेंबूर ते वडाळा धावू लागली आणि पुढचा टप्पा सुरू व्हायला 2019 साल लागले. प्रवासी मिळत नाहीत म्हणून तिला वर्षानुवर्षे नावे ठेवली गेली. 19 ऑगस्ट 2025 च्या पावसात लोकल अडकल्या, लोक मोनोकडे वळले आणि ती वजन न पेलून अधांतरी थांबली. अग्निशमन दलाने शिड्या लावून प्रवाशांना उतरवले. प्रवासी आले तर काय करायचे, हा प्रश्न आराखड्यात नव्हता. पुढच्याच महिन्यात ती नूतनीकरणासाठी बंद करण्यात आली.

लोकलने कोरोनापूर्व काळात रोज सुमारे 75 लाख प्रवासी वाहिले. गर्दीच्या वेळी एका चौरस मीटरमध्ये 14 ते 16 माणसे उभी राहतात आणि या अवस्थेला रेल्वेने ‘सुपर डेन्स क्रश लोड’ असे रीतसर तांत्रिक नाव दिले आहे. नाव मिळाले की समस्येची नोंद होते आणि नोंद झालेली समस्या निम्मी सुटल्यात जमा असते. उरलेली निम्मी कल्याण आणि विरारच्या फलाटांवर रोज सकाळी उभी असते.

बेस्टची बस हे नारळ-अयोग्य वाहनाचे शुद्ध उदाहरण. तिला फार तर हिरवा झेंडा दाखवता येतो, आणि तोही एकदाच. दीड दशकापूर्वी चार हजारांवर असलेला बेस्टचा ताफा पुढे तीन हजारांच्या खाली आला. ऑक्टोबर 2024 मध्ये मुंबईच्या वेशीवरच्या पाच नाक्यांवर मोटारींना टोल माफ झाला आणि मे 2025 मध्ये बसचे किमान भाडे पाचाचे दहा रुपये झाले. कोस्टल रोडवर मोटारीला टोल नाही, लोकलला मात्र तिकीट आहे. सार्वजनिक वाहतुकीला प्रोत्साहन देण्याचे धोरण यावरून स्पष्ट होते.

महामार्गांचे प्रकार दोन : पूर्ण झालेले आणि गणपतीपूर्वी पूर्ण होणारे. पहिल्या प्रकारात समृद्धी महामार्ग येतो. नागपूर ते आमणे 701 किलोमीटर, ताशी 150 किलोमीटर वेगासाठी आखलेला, जून 2025 मध्ये संपूर्ण खुला. नागपूरहून निघालेली मोटार आठ तासांत आमण्याला पोहोचते. तिथून भिवंडी, माजिवडा आणि पुढे मुंबई हा प्रवास ‘शहर वाहतूक’ या वेगळ्या प्रकरणात येत असल्याने त्याचा वेळ समृद्धीच्या हिशेबात धरत नाहीत. याच प्रकारातला सागरी अटल सेतू 21.8 किलोमीटर लांब आहे. मोटारीला एकेरी 250 रुपये टोल आहे. दुचाकी आणि रिक्षांना त्यावर प्रवेश नाही, त्यामुळे त्यांना त्या टोलचीही झळ पोहोचत नाही.

दुसऱ्या प्रकारात मुंबई-गोवा महामार्ग येतो. पनवेल ते इंदापूर या 84 किलोमीटरच्या चौपदरीकरणाचे काम 2011 साली सुरू झाले. तेव्हापासून मंत्री बदलले, ठेकेदार बदलले, मुदती बदलल्या, फक्त सण बदलला नाही. दर श्रावणात पाहणी दौरा निघतो, एक मार्गिका गणपतीपूर्वी सुरू होईल असे सांगितले जाते आणि चाकरमानी मूर्ती मांडीवर घेऊन खड्डे मोजत गावी जातात. महामुंबईबाहेरही नारळ मागे नाही : पुण्यात विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल मेट्रोच्या आड येतो म्हणून 2020 मध्ये पाडून नवा दुमजली पूल बांधायला घेण्यात आला. एकाच जागी दोनदा नारळ फोडता येतो, हे यातून सिद्ध झाले.

घरांच्या बाबतीत प्रयोग जुने आहेत. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी 1940 च्या पातळीवर गोठवली. भाडेकरू सुखी झाला, मालकाने डागडुजी सोडली आणि भाड्यासाठी चाळ बांधणे हा धंदा बंद पडला. 1991 च्या विकास नियंत्रण नियमांत शहरात 1.33 आणि उपनगरांत 1 एवढाच चटईक्षेत्र निर्देशांक, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधता येईल याची मर्यादा, ठेवला गेला, आणि मग अपवादांची विक्री सुरू झाली. आकाश सरकारचे, भाव बिल्डरचा आणि हप्ता ग्राहकाचा, असे त्याचे साधे सूत्र आहे. गिरण्यांच्या जमिनीचे पालिका, म्हाडा आणि मालक असे तीन वाटे ठरले होते. 2001 च्या दुरुस्तीने हे वाटे फक्त मोकळ्या जमिनीपुरते उरले आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. परळला टॉवर उभे राहिले. गिरणी कामगारांपैकी अनेकांच्या वाट्याला पनवेलजवळच्या कोनची घरे आली.

1920 च्या दशकात ब्रिटिशांनी बीडीडी चाळींत 160 चौरस फुटांची खोली दिली. 2008 च्या एमएमआरडीएच्या भाडेघर योजनेतही घराचा आकार 160 चौरस फूटच होता. जवळजवळ नऊ दशकांच्या अभ्यासाअंती एकच फरक पडला : संडास खोलीच्या आत आला. 2011 च्या जनगणनेनुसार मुंबईची चाळीस टक्क्यांहून अधिक लोकसंख्या झोपडपट्टीत राहत होती आणि त्याच वेळी शहरात पावणेपाच लाखांच्या घरात घरे रिकामी होती. म्हणजे घरांची टंचाई नाही, राहणाऱ्यांची आहे, असा निष्कर्ष बिल्डरला काढता येतो.

वाहतूक, रस्ते आणि घरे या तीन विषयांचा परस्परसंबंध नीट ठरलेला आहे. मेट्रोची घोषणा झाली की आसपासच्या घरांचा भाव वाढतो. भूमिपूजनाला तो पुन्हा वाढतो, खांब उभे राहिले की आणखी वाढतो. गाडी सुरू होते तेव्हा ज्याच्यासाठी ती बांधली तो नोकरदार त्या भावापुढे हात टेकून बदलापूर किंवा टिटवाळ्याला राहायला गेलेला असतो. ज्याने तरीही घर घेतले, तो मुद्रांक शुल्काबरोबर एक टक्का मेट्रो अधिभार भरतो. मेट्रोचे पैसे तो असे दोनदा देतो, एकदा बिल्डरला वाढीव भावात आणि एकदा सरकारला अधिभारात. स्थानकात शिरताना तिकीट काढावे लागते, ते तिसऱ्यांदा. बदलापूरहून येणाऱ्यासाठी मग नवा उन्नत मार्ग जाहीर होतो आणि बदलापूरचा भाव वाढतो.

हे चक्र तोडण्याचे उपाय तज्ज्ञांनी केव्हाच सांगून ठेवले आहेत. बसताफा दुप्पट करावा आणि मोठ्या रस्त्यावरची एक मार्गिका बसला द्यावी. मेट्रोमुळे जमिनीचा जो भाव वाढतो त्यातला वाटा जमीनमालकाकडून घ्यावा आणि त्यातून स्थानकाजवळ भाड्याची घरे बांधावीत. रिकाम्या घरांवर कर लावावा. प्रदेशाच्या सगळ्या वाहतुकीला एकच वेळापत्रक आणि एकच तिकीट असावे. यांपैकी एकाही उपायावर नारळ फोडता येत नाही, हा त्यांतला तांत्रिक दोष आहे.

तो दोष अभियंत्याच्या हाती नाही, मतदाराच्या हाती आहे. पुढच्या वेळी उमेदवार दारात आला की त्याने किती पूल बांधले हे विचारू नये. सकाळी नऊ वाजता प्रभागातल्या थांब्यावर किती मिनिटांनी बस येते, एवढेच विचारावे.