परदेशी शिक्षण, मार्गे मूल

ज्या वर्षी माझ्या आतेभावाला म्युनिक मिळालं, त्याच वर्षी प्रवेशाच्या कॅप राउंडने मला चंद्रपूर दिलं. आजीने आतेभावासाठी लोकरी मोज्यांची चौकशी सुरू केली आणि बाबांनी माझ्यासाठी महाराष्ट्राचा नकाशा पसरला. त्यांचं बोट पुण्यापासून निघालं, ते नागपूरपाशी थोडं थांबलं आणि आणखी खाली घसरत जवळजवळ तेलंगणात गेलं. "वाघ असतात म्हणे तिकडे," काका म्हणाले. "नुसते वाघ असते तर काय हो," असं म्हणून काकूने गडचिरोलीचं नाव घेतलं, तेही दूधवाला ऐकेल अशा धास्तीने.

वेळेच्या हिशेबाने परदेशी मीच गेलो. मुंबईहून म्युनिकला विमान नऊएक तासांत जातं. पुण्याहून चंद्रपूरला रेल्वेने जवळजवळ दुप्पट वेळ लागतो, आणि वाटेत हवाईसुंदरीऐवजी वर्ध्याचा चहावाला येतो. व्हिसा लागत नाही, एवढाच काय तो फरक.

होस्टेलवर माणसाला गावाच्या नावाने हाक मारायची पद्धत होती. त्यामुळे माझ्या खोलीत सिंदेवाही राहत होता, शेजारी वडसा आणि जिन्यापाशी अहेरी. मी अर्थात 'पुणे'. अख्ख्या शहराची जबाबदारी अशी एकाच्या डोक्यावर आली की माणूस दडपून जातो. मेसची आमटी मला पातळ वाटली की पुण्याला माज आला, आणि मी दुसरी पोळी मागितली की पुणे उपाशी.

आतेभाव दर रविवारी फोटो पाठवायचा. आल्प्सचा बर्फ, निळं तळं, नॉयश्वानस्टाइनचा किल्ला. मलाही काहीतरी पाठवणं भाग होतं. मग आम्ही परकोटावर गेलो.

चंद्रपूरचा परकोट ही गंमतच आहे. गोंड राजांनी शहराभोवती सुमारे अकरा किलोमीटरची दगडी भिंत घातली. तिला चार दरवाजे आणि पाच खिडक्या. या खिडक्यांतून आरामात बैलगाडी जाते. गोंड राजांचा हात सढळ होता. झुडपांत आणि कचऱ्यात बुडालेली ही भिंत 2017 पासून इको-प्रो संस्थेच्या कार्यकर्त्यांनी श्रमदानाने साफ केली, म्हणून आम्हाला वर चालता तरी आलं. नॉयश्वानस्टाइनचं बांधकाम 1869 साली सुरू झालं, तेव्हा आमची भिंत कित्येक पिढ्यांचा उन्हाळा खाऊन बसलेली होती. चंद्रपूरचा उन्हाळा म्हणजे सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस अंश. त्यात जी भिंत टिकते, तिच्यापुढे बव्हेरियाच्या राजाच्या हौसेचं मला फारसं कौतुक नाही. मी जटपुरा गेटचा फोटो पाठवला. त्यात दरवाज्याखाली अडकलेले तीन ऑटो, एक म्हैस आणि एक नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फलक होता. "किल्ला कुठाय?" असं आतेभावाने विचारलं.

इथे कुठलीही सहल पानठेल्यापासून सुरू होते. ठेलेवाला पारदर्शक पन्नीत सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना टाकतो, पन्नीला पीळ देतो आणि लाकडी पाटावर ती दोन्ही तळव्यांनी खसाखसा घोटतो. सुपारी ओली, काळपट होईपर्यंत घोटायचं. मग गाठ मारून 'घे' म्हणायचं. हा खर्रा. तो अत्यंत घातक आहे, तोंडाच्या कर्करोगाला आमंत्रण आहे, गडचिरोलीत त्याच्याविरुद्ध 'मुक्तिपथ'चं मोठं अभियान चालतं, आणि हे सगळं मला सिंदेवाहीनेच सांगितलं, खर्रा घोटून होईपर्यंत वाट बघताना.

ताडोबाचं प्रकरण वेगळं. 1955 साली राष्ट्रीय उद्यान झालेलं हे जंगल, महाराष्ट्रातलं पहिलं. जिप्सीत सहा पर्यटक बसतात. खर्च सहा जणांत वाटून घ्यायचा, तर सहा जण मिळायला हवेत, आणि होस्टेलवर वाघ बघायला पैसे देणारा स्थानिक माणूस मिळेना. "अबे, वाघ पाह्याले पैसे कायले देतं?" सिंदेवाही म्हणाला. "आमच्या वावरात येजो. नाही दिसला तं माया बाप दाखवते." शेवटी कोल्हापूर, नाशिक, बीड अशी परदेशी मंडळी गोळा करून आम्ही पाच झालो, सहावा वडसा, तो डब्यात वडा-भात आहे हे कळल्यावर आला.

मोहर्ली गेटवर मोबाइल जमा केले. त्यामुळे आतेभावाला पाठवायला पुरावा काहीच नाही, सांगतो त्यावर विश्वास ठेवा. रस्त्याकडेला गोंडकालीन दगडी खांब रांगेने उभे आहेत. त्यांवरून दोर ओढून, घंटा वाजवून राजाच्या येण्याची वर्दी देत, असं गाईड सांगतात. इरईचं पाणी, ताडोबाच्या तळ्यातली मगर, पांढरेफटक कांडोळ, रस्त्याच्या मधोमध उभा राहून आमच्याकडे तिऱ्हाइतासारखं बघणारा गवा. सगळं दिसलं. मग चितळाने आवाज दिला. "कॉल आहे," गाईड म्हणाला. जिप्सी थांबली. मागे आणखी जिप्स्या थांबल्या. बंदुकीएवढ्या लांब भिंगाचे कॅमेरे झुडपाकडे वळले. "चितळ उगाच भ्यालं असंल, सांबर बोललं तं पक्कं," गाईडने खुलासा केला. सांबर काही बोललं नाही. त्या शांततेत फक्त वडसाने डबा उघडल्याचा आवाज झाला आणि पुढच्या जिप्सीतल्या परप्रांतीय बाईंनी ज्या नजरेने आमच्याकडे पाहिलं, तशी नजर वाघाचीही नसेल.

वाघ मला दिसला तो पुढे, मूल मार्गे गडचिरोलीला जाणाऱ्या एसटीतून, अर्ध्या तिकिटाच्या पोराच्या मांडीवरून वाकून. संध्याकाळची वेळ. ड्रायव्हरने गाडी हळू केली, इंजिन चालू ठेवलं. समोर तो रस्ता ओलांडत होता. घाई नाही, आपल्याच अंगणातून चालल्यासारखा. मध्ये थांबला, डांबर हुंगलं आणि पलीकडच्या बांबूत गेला. माझ्या तोंडून शब्द फुटेना. शेजारच्या आजींच्या तोंडून फुटला: "आता सावली गाव कवा येईल बाप्पा, सोयपाक करायचा हाये." कंडक्टरने घंटी मारली.

हे हसून सांगता येतं, कारण मी एसटीत होतो. चंद्रपूर जिल्ह्यात दोनशेहून अधिक वाघ आहेत आणि त्यातले कितीतरी राखीव जंगलाबाहेर, गावांच्या शेजारी राहतात. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं वेचायला, मेमध्ये तेंदूपत्ता तोडायला माणसं त्याच जंगलात जातात, वाकून काम करतात, आणि दर वर्षी त्यातली काही परत येत नाहीत. सिंदेवाहीच्या वर्गातल्या एका मुलाची काकू अशीच गेली. सिंदेवाही जिप्सीचे पैसे का देत नव्हता, ते मला तेव्हा कळलं. त्यानंतर पुण्याहून कोणी "वाघ दिसला का रे?" असं विचारलं की मी गव्याविषयी बोलतो.

हिवाळ्यात वडसाने मला आपल्या मामाच्या गावी नेलं, नाटकाला. आता नाटक म्हटलं की मी पुणेकर: बालगंधर्वला साडेबाराचा प्रयोग, मध्यंतरात बटाटावडा, तीनला घरी. झाडीपट्टीत, म्हणजे इकडच्या जंगलपट्ट्यात, नाटक रात्री दहानंतर कधीतरी सुरू होतं आणि सकाळी कोंबड्याच्या सूचनेने संपतं. दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते, शंकरपटाचे बैल धावतात, आणि रात्री नाटक. देसाईगंज-वडसा हे या धंद्याचं मुख्य ठाणं. तिथे नाट्य कंपन्यांची कार्यालयं ओळीने आहेत, त्यांवर नटनट्यांचे चेहरे असलेले फलक. मुंबईच्या मालिकांतले कलाकारही इथे येऊन 'पाहुणे कलाकार' होतात. परशुराम खुणे यांना 2023 साली या रंगभूमीसाठी पद्मश्री मिळाली, तेव्हा पुण्यात पुष्कळांना ही रंगभूमी आहे हेच पहिल्यांदा समजलं.

मामांच्या घरी त्या दिवशी किती पाहुणे होते हे मामांनाही माहीत नसावं. मंडईला सगळे सोयरे येतात, आणि जुन्या सोयऱ्यांतून नव्या सोयरिकी निघतात. जेवताना एक गृहस्थ माझ्या शेजारी येऊन बसले. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं.

"पुण्याचे?"

"हो."

"जमीन किती हाये?"

"टू बीएचके," मी म्हणालो.

"कोरडवाहू का ओलिताची?"

"पाणी एक दिवसाआड येतं."

ते उठून दुसऱ्या पंगतीला गेले. माझं लग्न तिथे, भात संपायच्या आत, मोडलं.

नाटक मात्र जोरदार. पहिल्या अंकात सज्जन पाटील, दुसऱ्यात त्याचा दुर्जन भाऊ, तिसऱ्यात दोघांची आई, आणि प्रत्येक अंकात कारण असो वा नसो, गाणं. ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड, सगळं समोर जिवंत. आवडलेल्या गाण्याला वन्स मोअर मिळतो आणि मरत असलेला पाटील उठून पुन्हा गातो, मग पुन्हा मरायला आडवा होतो. पुण्यात मी याला हसलो असतो. इथे रात्री तीन वाजता, गोधडी पांघरून, हजारभर माणसांत बसल्यावर पाटील मेला तेव्हा माझ्या शेजारचे आजोबा रडले आणि मीही नाक पुसलं. थंडी होती, हे मी वडसाला सांगून ठेवलं आहे.

जानेवारीत अहेरी म्हणाला, हत्ती पाहू. कमलापूरला वनविभागाचा हत्ती कॅम्प आहे. एकेकाळी इथले हत्ती जंगलातली लाकडं ओढत. आता ते निवृत्त आहेत आणि लोक त्यांना बघायला जातात. आम्ही एसटी, जीप, मग कोणाच्या तरी मोटारसायकलवर तिघं असे पोचलो. फाटकावर कळलं, हत्ती वैद्यकीय रजेवर आहेत. थट्टा नाही. हिवाळ्यात त्यांच्या पायांना भेगा पडू नयेत म्हणून वनौषधींचा गरम लेप लावून शेकतात, त्याला 'चोपिंग' म्हणतात, आणि तेवढे दिवस पर्यटकांना बंदी. आमच्या कॉलेजात ताप आला तरी हजेरी पंचाहत्तर टक्के लागते. आल्या वाटेने परतताना अहेरी बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "पुढल्या जन्मी कमलापूर."

आणि भामरागड. तिकडे आम्ही पावसाळ्याच्या शेवटी गेलो, अहेरीचा मामा तिथे शिक्षक म्हणून. आलापल्लीपासून पुढे साग इतका दाट की एसटी हिरव्या बोगद्यातून जाते. वाटेत हेमलकसा लागतं. डॉ. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे सत्तरच्या दशकात इथे आले तेव्हा ना रस्ता होता, ना वीज. त्यांच्या दवाखान्यासमोरच्या झाडांखाली माडिया आदिवासी माणसं शांत बसली होती. कोणी "जोहार" म्हणालं, आम्हीही म्हणालो.

भामरागडला पर्लकोटा आणि पामुलगौतम या नद्या इंद्रावतीला मिळतात, पलीकडे छत्तीसगड. आम्ही पोचलो त्या रात्री तिकडे वरच्या अंगाला पाऊस कोसळला. इंद्रावती फुगली की पर्लकोटेला वाट मिळत नाही, तिचं पाणी मागे लोटतं, पूल बुडतो आणि भामरागडचा जगाशी संबंध संपतो. सकाळी गाव नदीकाठी उभं राहून बुडालेला पूल बघत होतं. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी होती, आश्चर्य अजिबात नव्हतं. मोबाइलची रेंज गेली, वीज गेली. मामा निवांत होते. भात होता, मासे होते, शाळेला आपसूक सुट्टी होती. "इथं भेव कायचं? मी एकदा पुण्याले ट्रेनिंगसाठी आलो होतो," ते म्हणाले. "स्वारगेटचा रस्ता वलांडाले अर्धा घंटा लागला. मायबाई! तिथं राह्यते कसे लोकं?"

पाणी ओसरून रेंज आली तेव्हा फोनवर आईचे असंख्य मिस्ड कॉल होते आणि म्युनिकचा एक फोटो: आतेभाव, हातात सूपचा वाडगा, खाली ओळ, 'पावसामुळे ट्रेन चाळीस मिनिटं लेट, फुल अॅडव्हेंचर.' मी काही उत्तर दिलं नाही. मामांनी वाचून विचारलं, "पूल बुडाला का त्याइचा?"

जाणाऱ्यांसाठी दोन-चार गोष्टी. ताडोबाचं गाभा क्षेत्र दर मंगळवारी आणि पावसाळ्यात बंद असतं. बुकिंग ऑनलाइन, ओळखपत्र सोबत ठेवा. कमलापूरला जानेवारीत जाणार असाल तर हत्ती कामावर आहेत का, हे आधी वनविभागाला विचारा. भामरागडला पावसाळ्यात जायचं तर परतीची तारीख कोणाला सांगू नका. झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो. तिकीट मंडपाच्या दाराशी मिळतं, आणि नाटक मंगळवारीही असतं.