दर्याभाऊ

घर दाखवणाऱ्या यजमानांच्या दोन जाती असतात. एक जात पाहुण्याला हॉल, झुंबर आणि नवं किचन दाखवते. दुसरी त्याला शिडीवरून थेट गच्चीत नेते आणि टाकीतला बॉलकॉक दाखवते. आमचे दर्याभाऊ दुसऱ्या जातीतले शिरोमणी. त्यांच्या घरी काचेच्या टाकीत दोन सुंदर मासे आहेत, आणि ते बघायला आलेल्या माणसाला दर्याभाऊ ते बघू देत नाहीत.

खरं नाव सांगत नाही, मोहल्ल्यात त्यांना सगळे दर्याभाऊच म्हणतात. वास्तविक गोंदियाचा आणि दर्याचा संबंध काय? विदर्भ एक्स्प्रेसने मुंबई जवळजवळ हजार किलोमीटर. दुसऱ्या दिशेला निघालात तरी समुद्र दिसायच्या आधी एक रात्र गाडीत काढावी लागते. तसा जिल्ह्यात पाण्याला तोटा नाही. नवेगावबांध आहे, इटियाडोह आहे, चोरखमारा, बोदलकसा आहे, आणि गावोगाव बोड्या, म्हणजे लहान तळी, आहेत ती वेगळीच. पण हे सगळं पाणी गोडं. दर्याभाऊंना नेमकं खारं हवं होतं.

चार फुटी टाकी आली तेव्हा लोकांना वाटलं, गोल्डफिश सोडतील. मग मिठाचे डबे आले. लिटरमागे 35 ग्रॅम या हिशेबाने चारशे लिटरला चौदा किलो. शेजारच्या किराणावाल्याने आपुलकीने सांगितलं, "माह्याकडून न्या न जी, खडा मीठ हाये." त्यावर दर्याभाऊंनी त्याला कॅल्शियम आणि मॅग्नेशियमवर अर्धा तास सुनावलं. गिऱ्हाईक खोळंबलं होतं, तेही ऐकत उभं राहिलं.

आरओचं पाणी भरलं, मीठ विरघळलं, दिवे लागले. आणि पुढचा महिना-दीड महिना टाकीत काहीच नव्हतं. लोक यायचे, सोफ्यावर बसायचे, पाण्याकडे बघायचे.

"मासोळ्या कुठं हायेत जी?"

"अमोनिया पाहून राहिलो."

रोज सकाळी चहाच्या आधी ते काचेच्या इवल्या नळीत टाकीचं पाणी घेत, त्यात थेंब टाकत, आणि रंग बदलेपर्यंत नळी खिडकीपाशी धरून उभे राहत. जिवाणू आधी अमोनियाचं नायट्राइट करतात, मग नायट्राइटचं नायट्रेट, आणि ही वसाहत बसायला आठवडे लागतात. शास्त्र बरोबर आहे. पण "सिस्टीम मॅच्युअर होऊन राहिली" हे वाक्य ते इतक्या हळुवारपणे उच्चारत की ऐकणाऱ्याला वाटावं, घरात कुणी बाळंत होणार आहे.

सिस्टीम म्हणजे टाकी नव्हे बरं का. टाकी हा देखावा. सिस्टीम खाली, सागवानी कपाटात. पाहुण्याने "वा, छान" म्हटलं की दर्याभाऊ लगेच म्हणतात, "ते राहू द्या, खाली बसा." माणूस उकिडवा बसतो. कपाट उघडतं. आत आडव्या-उभ्या काचांनी कप्पे केलेली दुसरी टाकी असते, तिला संप म्हणतात. वरच्या टाकीच्या काठावरून सांडलेलं पाणी पाइपातून पहिल्या कप्प्यात पडतं. तिथे स्किमर. तो बारीक बुडबुड्यांचा फेस करतो, पाण्यातली घाण फेसाला चिकटून वरच्या पेल्यात जमते. तो पेला ते काढून पाहुण्याच्या नाकापुढे धरतात. चहाच्या रंगाचं पाणी असतं, वास मात्र चहाचा नसतो. "हे सगळं पाण्यात राहिलं असतं!" असं ते विजयी मुद्रेने म्हणतात. चिवड्याची बशी पाहुणा तिथेच खाली ठेवतो.

त्यानंतरचा कप्पा रेफ्युजियम, म्हणजे आश्रयस्थान. हा त्यांचा जीव की प्राण. त्यात मासा नाही, शंख नाही, नुसता हिरव्या दोऱ्यांचा गुंता, कीटोमॉर्फा नावाचं शेवाळ. मुंबईच्या कुण्या हौशी माणसाने थर्माकोलच्या डब्यात घालून ते रेल्वेने पाठवलं, आणि गाडी उशिरा आली म्हणून दर्याभाऊ फलाटावर, घरच्या लग्नातही झाले नव्हते एवढे, कासावीस झाले होते. हे शेवाळ पाण्यातला नायट्रेट आणि फॉस्फेट खाऊन वाढतं. वाढलं की मूठभर उपटून फेकायचं, घाण त्याच्याबरोबर बाहेर. गुंत्यात डोळ्यांना जेमतेम दिसतील असे किडे जन्मतात, ते पाण्याबरोबर वर जाऊन माशांच्या तोंडी पडतात. धानाची शेती करणारे त्यांचे मेहुणे एकदा आले होते. दर्याभाऊंनी उपटलेलं शेवाळ तराजूत घातलं आणि म्हणाले, "या महिन्यात पीक चांगलं." मेहुण्यांनी विचारलं, "एकरी किती?"

या कप्प्यावरचा दिवा रात्री लागतो. वरच्या टाकीत अंधार झाला की पाण्यात कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि पीएच घसरतो, म्हणून खालच्या शेवाळाने रात्रपाळी करायची. त्यामुळे रात्री दोन वाजता त्यांच्या हॉलच्या खिडकीतून जांभळा उजेड रस्त्यावर पडतो. गल्लीत नव्याने आलेल्या भाडेकरूंना वाटतं, इथे काही अघोरी चालतं. आम्ही समजूत घालत नाही.

सगळ्यांत मोठा प्रयोग मात्र लाइट जाण्याचा. सुरुवातीला एका रात्री लाइट गेली, वर पाणी चढवणारा पंप थांबला, आणि त्याच पाइपाने टाकीतलं पाणी उलटं खाली ओढायला सुरुवात केली. पाइपाचं तोंड पाण्यात खोल बुडालेलं होतं, मग ओढ तुटणार कशी? संप भरून वाहिला. सकाळी वहिनींना हॉलमध्ये घोट्याएवढं पाणी मिळालं, आणि ते वाळल्यावर दिवाणाच्या पायांना पांढरी पुटं. तेव्हापासून त्या पाइपाला, पाण्याच्या पातळीच्या जरा खाली, एक बारीक छिद्र आहे. पाणी तेवढं उतरलं की छिद्रातून हवा शिरते आणि ओढ तुटते. दर रविवारी दर्याभाऊ अगरबत्तीच्या काडीने ते छिद्र मोकळं करतात. वहिनी म्हणतात, देवापुढे ती काडी एवढ्या नेमाने कधी लागली नाही.

आता ते पाहुण्यांसमोर मुद्दाम बटण बंद करतात. घरघर थांबते. सगळे उकिडवे. संपातलं पाणी चढतं, चढतं, काठाखाली चार बोटांवर येऊन थांबतं. दर्याभाऊ वर बघतात. टाळ्यांची अपेक्षा असते. कधी कधी वाजतातही.

मे महिन्यात गोंदियात पारा पंचेचाळिसाला टेकतो आणि टाकीला हवं असतं सव्वीस. म्हणून चिलर आला. मुलं कुलरमध्ये झोपतात, मासे गारव्यात. पाणी रोज वाफेने उडतं, मीठ मात्र मागे राहतं, म्हणून वरून घालायचं ते साधं पाणी. मदत म्हणून सासूबाईंनी एकदा साध्या पाण्याबरोबर मूठभर मीठही टाकलं होतं. तो विषय घरात कुणी काढत नाही.

आणि एवढ्या सगळ्या रीफच्या, म्हणजे प्रवाळ-खडकाच्या, थाटात प्रवाळ किती? शून्य. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात आपल्याकडचं प्रवाळ पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंक्तीला. नवेगाव-नागझिऱ्याचा वाघ घरात ठेवता येत नाही, तसं हेही नाही. दर्याभाऊ कायदा पाळणारे आहेत, त्यांच्या टाकीतले खडक भाजलेल्या मातीचे आहेत. राहिले दोन क्लाउनफिश, तेही हॅचरीत जन्मलेले. त्यांच्यातला मोठा असतो ती मादी होते, धाकटा नर राहतो. हे ऐकून आमच्या गल्लीतल्या बऱ्याच जणांनी आपापल्या घरी गंभीरपणे पाहिलं.

गेल्या पावसाळ्यात अर्जुनी मोरगावकडचे एक ढिवर आजोबा कुणाबरोबर तरी आले. हयात तलावावर मासे धरण्यात गेलेली. आल्या आल्या न सांगता कपाटापुढे उकिडवे बसले. दर्याभाऊंना भरून आलं. आजोबांनी पाइपावरून नजर फिरवली आणि म्हणाले, "वरतं तलाव. हा सांडवा. खालतं बोडी, बोडीत गवत लावलं, पाणी निवळते. बराबर हाये."

आमच्याकडच्या मालगुजारी तलावांची रचना हीच आहे. वरचा भरला की सांडव्यावरून पाणी खालच्यात. कोहळी समाजाच्या लोकांनी हे तलाव दोन-तीनशे वर्षांमागे बांधले, नवेगावबांध त्यांतलाच. दर्याभाऊंना दोन वर्षं आणि किती रुपये लागले ते वहिनींना माहीत नाही, आणि मीही सांगणार नाही.

आजोबा मात्र अजून बघत होते. शेवटी पंपाकडे बोट करून म्हणाले, "पण पाणी परत वरतं काहून चढवता जी? खालतं बांधी नाही का? धान कुठं हाये?"

दर्याभाऊ गप्प. आजोबा उठले, तेव्हा कुठे त्यांचं लक्ष वर गेलं. केशरी मासे, पांढरे पट्टे. "या दोघांसाठी?"

"हो."

"खात नाही?"

"नाही."

आजोबांनी चहा मात्र दोनदा घेतला.

तुम्ही कधी गोंदियाला आलात, तर दर्याभाऊंकडे जरूर जा. माणूस दिलदार आहे, चिवडा आग्रहाने वाढतो. फक्त मासे आधी डोळे भरून बघून घ्या, गुडघे दुखत असतील तर ते दारातच सांगा, आणि पेला पुढे येण्याआधी चिवडा संपवा.