सीआयएन आणलास का?

आमच्या इमारतीत कुणाला मुलाखतीचं बोलावणं आलं की ते पत्र आधी देवापुढे ठेवतात आणि मग दुसऱ्या मजल्यावर तात्यांपुढे. देवापुढे ठेवलेलं जसंच्या तसं परत मिळतं. तात्यांकडून परत येते ती फाइल.

तात्या बँकेच्या कर्ज खात्यातून ३४ वर्षांनी निवृत्त झाले. माणसाच्या तोंडावर विश्वास ठेवायचा नाही, कागदावर ठेवायचा, आणि तोही मागची बाजू पाहिल्यावर, एवढं एकच व्रत त्यांनी पाळलं. निवृत्तीनंतर कर्ज मागणारे यायचे थांबले, पण संशय शिल्लक होता. तो त्यांनी नोकरी देणाऱ्यांकडे वळवला.

गेल्या जूनमध्ये आमच्या मुलीला हिंजवडीतल्या एका कंपनीनं बोलावलं. ती वर जाऊन म्हणाली, "तात्या, त्यांची वेबसाइट वाचलीय मी सगळी. ध्येय, मूल्यं, सगळं."

"ते लग्नपत्रिकेवरचं गणपतीचं चित्र झालं. सीआयएन आणलास का?"

सीआयएन म्हणजे कंपनीचा २१ अक्षरी नोंदणी क्रमांक. तात्या तो कुंडलीसारखा मांडतात. पहिलं अक्षर एल असेल तर कंपनी शेअर बाजारात नोंदलेली, यू असेल तर नाही. पुढचे पाच आकडे धंद्याचे, मग दोन अक्षरं राज्याची, मग जन्मसाल.

"यू, एमएच, २०११. शिंगं फुटायचं वय आहे अजून. आणि वेबसाइटवर लिहितात, २५ वर्षांचा अनुभव. जन्माआधीचा?"

"संचालकांचा मिळून असेल, तात्या."

"तसा माझा आणि आमच्या हिचा मिळून १४७ वर्षांचा आहे."

मग त्यांनी कंपनी खात्याच्या साइटवर १०० रुपये भरले. (हे पैसे ते कुणाकडून घेत नाहीत, करमणूक कर समजतात.) ताळेबंद ते शेवटून वाचतात, कारण खरं काय ते नफ्याच्या आकड्यात नसतं, मागच्या टिपांत असतं, असं त्यांचं मत आहे. कुठल्या बँकेकडे काय तारण आहे, हे वाचताना त्यांच्या चेहऱ्यावर माहेरचं पत्र आल्याचा भाव येतो. ऑडिटर मुदतीआधी सोडून गेल्याचं दिसलं तेव्हा मात्र त्यांनी चष्मा काढला. "स्वयंपाकीण महिन्याच्या मध्येच काम सोडून गेली, तर त्या घरी जेवायला बसण्याआधी चौकशी करावी."

पण त्यांचं खरं अस्त्र भविष्य निर्वाह निधीच्या साइटवर आहे. कुठल्या कंपनीनं कुठल्या महिन्यात किती माणसांचा पीएफ भरला आणि कोणत्या तारखेला, हे तिथं कुणालाही पाहता येतं. येतं, पण पाहतो कोण? तात्या पाहतात. "मार्चमध्ये ११२, मेमध्ये ८७. पंचवीस माणसं आंबे खायला गेली का?"

इतकं करून माणूस थांबला असता. तात्या दुसऱ्या दिवशी सकाळी पीएमपीनं हिंजवडीला गेले आणि कंपनीच्या गेटासमोरच्या टपरीवर दोन तास बसले. त्यांच्या मते ताळेबंदाला खोटं बोलता येतं, टपरीच्या वहीला येत नाही. पोरांची चहा-सिगारेटची उधारी एक तारखेला फिटत असेल तर पगार वेळेवर आहे. सात तारखेवर गेली असेल तर समजून घ्यावं. आणि टपरीवाला नवी उधारीच देत नसेल, तर गेटाच्या आत जायचंच कारण नाही. शिवाय रात्री नऊला किती खिडक्यांत दिवे असतात, बाहेर पडणारे हसत पडतात की फोनवर भांडत, वॉचमन कितवा बदलला, हेही टपरीवाल्यालाच ठाऊक असतं. तात्यांनी चार कटिंग घेतले आणि मुख्य कार्यालय तपासून आल्याच्या समाधानानं परतले.

एक मात्र कबूल केलं पाहिजे. इतिहासापुढे तात्या हळवे होतात. किर्लोस्करांचं नाव निघालं की १८८८ सालचं बेळगावातलं सायकलींचं दुकान, तिथून लोखंडी नांगर, मग १९१० साली औंध संस्थानातल्या माळावर उभी राहिलेली किर्लोस्करवाडी, हे ऐकल्याशिवाय कुणाची सुटका नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाकडून त्यांनी असाच एका जुन्या कारखान्याचा इतिहास संस्थापकाच्या आजोबांपासून पाठ करून घेतला होता. मुलाखतीत त्याला व्हॉल्व्हबद्दल विचारलं. तो संस्थापकाच्या मुंजीपर्यंत पोचला होता.

आणि स्वतः तात्या? आयुष्यात एकच मुलाखत दिली त्यांनी. वडिलांचं नाव आणि गाव विचारलं, दोन्ही बरोबर आलं. बँकेचं मुख्य कार्यालय कुठं आहे, हे त्यांनी नेमणुकीच्या पाकिटावर वाचलं.

तर आमची मुलगी १४ पानी फाइल घेऊन गेली. समोर एक संचालक आणि एक एचआरचे गृहस्थ. पहिलाच प्रश्न, "आमच्या कंपनीबद्दल काय माहीत आहे?" तिनं ध्येयमूल्यांपासूनच सुरुवात केली होती, पण गृहस्थ म्हणाले, "आणखी?" हा 'आणखी' महागात पडला. ती ऑडिटरपर्यंत आली तेव्हा संचालकांना महत्त्वाचा फोन आला आणि ते बाहेर गेले. मग तिनं ११२ आणि ८७ सांगितले.

एचआरच्या गृहस्थांनी दार नीट लागलंय ना ते पाहिलं आणि हळूच विचारलं, "हे कुठल्या साइटवर दिसतं म्हणालात?"

नोकरी मिळाली नाही. तात्यांना त्याचं काही वाटलं नाही. 'अर्ज नामंजूर' असा शेरा मारून त्यांनी फाइल कपाटात ठेवली. कुणी कुणाला नामंजूर केलं, हे त्यांनी लिहिलेलं नाही.

तीन आठवड्यांनी संध्याकाळी एक अनोळखी गृहस्थ दुसऱ्या मजल्याचा पत्ता विचारत आमच्या दाराशी आले. हातात कुठल्याशा दुसऱ्या कंपनीचं बोलावणं होतं. मुलीनं आतून डोकावून पाहिलं आणि ओळखलं. एचआरवालेच.

तुमच्याकडेही कुणाची मुलाखत असेल तर खुशाल या. फक्त सकाळी अकरानंतर यावं. त्याआधी तात्या कुठल्या ना कुठल्या टपरीवर असतात. सीआयएन बरोबर आणावा. चहाचा आग्रह करू नये, ते पिऊन आलेले असतात.