नाक नसलेला फौजदार

"याचं नाक करायला विसरले वाटतं," आई म्हणाली.

पडद्यावर ओडो होता. 'स्टार ट्रेक : डीप स्पेस नाइन' या मालिकेतल्या अंतराळस्थानकाचा सुरक्षाप्रमुख. हा मुळात द्रवरूप प्राणी. उंदीर म्हणा, सामानाची पिशवी म्हणा, वाटेल ते रूप घेतो. माणसाचा चेहरा तेवढा त्याला नीट जमत नाही. म्हणून तोंड पॉलिश केल्यासारखं गुळगुळीत आणि नाकाच्या जागी नाकाची नुसती आठवण. हे मी आईला सविस्तर समजावून सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे विसरलेच की."

आईच्या पायाला प्लॅस्टर होतं. सहा आठवडे पलंगावरून उतरायचं नाही अशी सक्त ताकीद होती, आणि तिच्या रोजच्या मालिकांमधल्या सासवा तिला तिसऱ्याच दिवशी असह्य झाल्या होत्या. घरातला दुसरा साठा म्हणजे माझा. तो सगळा अंतराळातला. मी भीत भीतच लावलं. तिने गोष्टीचा नाद पहिल्या दिवशीच सोडला. कोण कुणाशी लढतंय, कुठल्या ग्रहावरून, कशासाठी, काही विचारायचं नाही. "तुझं ते विमान तू बघ. मी माणसं बघते," म्हणाली. आणि माणसं तिने अशी बघितली की वीसेक वर्षं या मालिकेचा भक्त म्हणवून घेणारा मी वरमलो.

आई वेंगुर्ल्याकडची. तिचं नाटक म्हणजे देवळाच्या जत्रेतला रात्रभर चालणारा दशावतार. एक लाकडी बाकडं, तेच सिंहासन, तोच रथ. नट स्वतःचं तोंड स्वतः रंगवणार आणि संभाषणं उभ्या उभ्या रचणार. त्यामुळे जहाजाला धक्का बसतो तेव्हा प्रत्यक्षात नुसता कॅमेरा हलतो आणि खुर्च्यांवरची मंडळी आपण होऊन एका बाजूला कलंडतात, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. एकदा मी तिला 1966 ची मूळ मालिका लावून दिली, तर म्हणाली, "तो मागचा लाल सदरेवाला बघ. कप्तानापेक्षा बरा पडतो." तो एडी पॅस्की. कप्तानाचं काम करणाऱ्या विल्यम शॅटनरच्या जागी प्रकाशयोजनेसाठी उभं राहायचं ही त्याची मूळ नोकरी, आणि उरलेल्या वेळात मागच्या रांगेत लेफ्टनंट लेस्ली. एका भागात एक रक्तशोषक ढग लेस्लीला मारतो. पुढे लेस्ली पुन्हा कामावर हजर. कुणी चौकशी केली नाही.

पण ओडोकडे वळू. त्या गुळगुळीत रबराच्या आत रने ओबेरझोन्वा हा नट होता. ब्रॉडवेवरच्या 'कोको' या संगीतिकेसाठी 1970 साली टोनी पुरस्कार मिळवलेला, त्याच वर्षीच्या 'मॅश' चित्रपटात पाद्री झालेला. असल्या माणसाच्या चेहऱ्यावर इस्त्री फिरवून त्याला सात वर्षं उभं केलं. भुवया गेल्या, सुरकुत्या गेल्या, उरले डोळे आणि खर्जातला किरकिरा आवाज. आई एकदा म्हणाली, "रागावलाय, पण दाखवत नाहीये." मी ते दृश्य पूर्वी चारदा पाहिलं होतं आणि त्यातला राग मला चारही वेळा दिसला नव्हता.

या क्षेत्रात मानमरातब कसा मिळतो तेही सांगतो. स्पॉक झालेल्या लेनर्ड नीमॉयला पहिल्या मालिकेसाठी सलग तीन वर्षं एमीचं नामांकन मिळालं. पुरस्कार एकदाही नाही. नंतरच्या 'द नेक्स्ट जनरेशन' या मालिकेला पहिल्याच पर्वात रंगभूषेची एमी मिळाली. म्हणजे रबराला शाल-श्रीफळ, आणि आतल्या माणसाला टाळ्या वाजवायला पुढच्या रांगेत जागा.

माझं एक निरीक्षण आहे. विज्ञानमालिकांमधला उत्तम अभिनय पाहायचा असेल तर लिफ्ट बंद पडण्याची वाट पाहावी. अंतराळयुद्धाचा भाग महाग. तिथे नटाने खिडकीकडे पाहून डोळे विस्फारायचे, बाकी सगळं तंत्रज्ञ करतात. पैसे आटले की लेखक दोन पात्रांना एका खोक्यात कोंडतो. तिथे पळायला जागा नसते, स्फोट नसतात, समोरासमोर बसून बोलावंच लागतं. (आमच्या सोसायटीची लिफ्ट अडकते तेव्हा आत नेमका मी आणि पार्किंगवरून माझ्याशी न बोलणारे शेजारी असतो. आमच्यात मात्र कसलाही अभिनय होत नाही. दोघेही मोबाइल बघतो, आणि रेंज नसते.)

'बॅबिलॉन 5' या मालिकेत अशी एक लिफ्ट आहे. 1995 सालचा भाग. स्फोट होतो आणि लोंडो व जकार आत अडकतात. या दोघांच्या जमातींचं पिढीजात वैर. लोंडोच्या डोक्यावर मोराच्या पिसाऱ्यासारखे उभे केस, जकारचं डोकं सरड्यासारखं ठिपक्यांचं, डोळे लाल. लोंडो म्हणतो, आपण मिळून बाहेर पडू या. जकार हिशेब मांडतो. लोंडोला हाताने मारलं तर बदल्यात आपल्या पाचशे लोकांचा बळी जाईल. पण काही न करता नुसतं बसून राहिलं, तर तो आपोआप मरेल. सोबत आपणही मरू, पण त्याला मरताना बघायला तर मिळेल! आणि जकार हसायला लागतो. आंद्रेआस कात्सुलास हा नट तिथे जे हसतो, त्यात सूड आहे, विनोद आहे आणि वर्षानुवर्षांचा थकवाही आहे. समोर पीटर ज्युरॅसिक हतबुद्ध होऊन पाहतोय. आई इतकी हसली की प्लॅस्टरखाली खाज सुटली, आणि मला स्वयंपाकघरातून विणकामाची सुई शोधून आणावी लागली. ती स्वयंपाकघरात का होती, हा वेगळा विषय.

दुसरी लिफ्ट 'डीप स्पेस नाइन'च्या पहिल्या पर्वातली. ओडो अडकतो तो लक्सवाना ट्रॉय या वकिलातीच्या बाईंबरोबर. बाई अखंड बोलणाऱ्या, नटणाऱ्या, गळेपडू. हे काम केलंय मॅजेल बॅरेटने. मूळ मालिकेत ती नर्स होती, आणि पुढे वर्षानुवर्षं जहाजांच्या संगणकाचा आवाजही तिचाच. म्हणजे ज्या बाईचं ऐकल्याशिवाय जहाजाचं पान हलत नव्हतं, तिचं नाव कित्येकांना ठाऊकच नाही. तर, वेळ जातो तसा ओडोला पुन्हा द्रवरूप व्हावं लागणार असतं. रोज तो ते आपल्या बादलीत, दार लावून करतो. परक्यासमोर वितळायची त्याला लाज वाटते. तेव्हा या बाई डोक्यावरचा टोप काढतात. माझंही हे रूप कुणी पाहिलेलं नाही, असं सांगतात. मग आपल्या झग्याचा ओचा पसरतात आणि तो त्यात वितळतो. कागदावर हे हास्यास्पद आहे. पडद्यावर दोन नटांनी ते इतक्या अदबीने केलंय की आई बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "चारचौघांत गंगावन काढणं सोपं नसतं रे."

तिचा लाडका मात्र गॅरक. हा स्थानकावरचा शिंपी. आपण साधा शिंपी आहोत असं तो इतक्यांदा सांगतो की तो हेर असणार याची बालंबाल खात्री पटते. अँड्र्यू रॉबिन्सन हे 1971 च्या 'डर्टी हॅरी' चित्रपटातले माथेफिरू खुनी; इथे राखाडी खवल्यांच्या आतून तेच गृहस्थ कापडाचा पोत बोटांनी चाचपत असं मिठ्ठास बोलतात की आपण सुरा शोधायला लागतो. पाहुणा म्हणून आलेलं हे पात्र शेवटपर्यंत टिकलं. रॉबिन्सननी भूमिकेच्या तयारीसाठी गॅरकच्या नावाने रोजनिशी लिहिली, आणि तिचीच 2000 साली कादंबरी झाली. आईचा निष्कर्ष सरळ होता : "शिंप्यावर विश्वास ठेवूच नये. सांगितल्या तारखेला ब्लाऊज मिळालाय का कधी?"

जेफ्री कॉम्ब्जबद्दल तिचं माझं भांडण झालं. वेयून नावाचं, मान तिरकी करून गोडगोड बोलणारं पात्र त्याने 1996 साली केलं आणि पहिल्याच भागाच्या शेवटी ते मारलं गेलं. निर्मात्यांना नंतर हळहळ वाटली. मग वेयूनच्या जमातीत माणसाची हुबेहूब प्रत काढतात अशी युक्ती निघाली, आणि तो मरत गेला, येत गेला. त्याच मालिकेत ब्रंट नावाचा मोठ्या कानांचा, तुसडा वसुली अधिकारीही कॉम्ब्जच. 1999 सालच्या एका भागात तर दोघेही आहेत. आई मानायला तयार नव्हती. "हा पोरीकडच्यांचा मध्यस्थ आणि तो बँकेचा माणूस. एक कसे असतील?" मी फोनवर फोटो दाखवले. तिने ते चष्मा लावून आणि चष्मा काढून पाहिले आणि फोन उलटा ठेवला. नटाला याहून मोठी पावती काय द्यायची?

ओब्रायनची कथा थोडक्यात सांगतो, कारण ती बऱ्याच नोकरदारांना आपली वाटेल. कोम मीनी 1987 साली 'द नेक्स्ट जनरेशन'च्या पहिल्या भागात जहाजाच्या सुकाणूवर बसला, तेव्हा पात्राला नावही नव्हतं. दुसऱ्या पर्वात आडनाव मिळालं. स्वतःचं नाव मिळायला 1990 उजाडलं. आणि 1993 साली 'डीप स्पेस नाइन'च्या नामावळीत मुख्य कलाकारांत जागा. कायम होईपर्यंत सहा वर्षं.

राहिला मॉर्न. ओडोच्या स्थानकावरच्या, क्वार्कच्या मद्यालयात कोपऱ्यातल्या ठरलेल्या उंच स्टुलावर बसणारा, सुकलेल्या सुरणासारख्या तोंडाचा एक अवाढव्य गिऱ्हाईक. सात पर्वांत त्याच्या तोंडी एक अक्षर नाही. गंमत म्हणजे बाकीची पात्रं सतत तक्रार करतात की मॉर्न भलता बडबड्या आहे, एकदा सुरू झाला की थांबत नाही. आपण जेव्हा जेव्हा पाहतो तेव्हा मात्र त्याने नुकतंच तोंड मिटलेलं असतं. त्या मुखवट्याच्या आत सात वर्षं मार्क ॲलन शेपर्ड बसून होता. बोलायचं नाही, चेहरा दिसायचा नाही. मान वळवायची, खांदे पाडायचे, पेला उचलायचा. आई त्याला नावाने ओळखायला लागली. तो दिसला नाही की विचारायची, "आज सुट्टीवर का?"

1998 मध्ये त्याच्यावर एक भाग आला. मॉर्न मेल्याची बातमी येते, गावभर शोक होतो. क्वार्कला त्याचं रिकामं स्टूल बघवत नाही, म्हणून तो गर्दीतल्या एका साध्याशा माणसाला बोलावून तिथे बसवतो, जागा उबदार ठेवायला. तो माणूस म्हणजे मुखवटा उतरवलेला शेपर्ड. सात वर्षांच्या जागेवर स्वतःच्या तोंडाने काही क्षण.

मी हे आईला सांगितलं तोवर दृश्य निघून गेलं होतं. "मागे ने," ती म्हणाली. आम्ही ते तीनदा पाहिलं. तिसऱ्या वेळी तिने उशी सरळ केली.

"तोच आहे," म्हणाली. "बसण्याची ढब बदलली नाही."