लग्न खरं आहे, हे सिद्ध करण्याची प्राथमिक पाठमाला

ही पाठमाला कॅनडात राहणाऱ्या आणि बायकोला तिकडे नेऊ पाहणाऱ्या मराठी नवऱ्यांसाठी आहे. (बायको तिकडे आणि नवरा इकडे असेल तर क्रियापदं बदलून घ्यावीत.) पूर्वज्ञानाची गरज नाही. व्हिसा ऑफिसचं नकाराचं पत्र मात्र हवं. तुमचं लग्न खरं नाही, किंवा ते प्रामुख्याने कॅनडात कायमचं राहायला मिळावं म्हणून केलेलं आहे, असं अधिकाऱ्याचं मत झाल्याचं त्यात कळवलेलं असतं. ज्या लग्नात साडेचारशे पान उठलं, त्याच्याबद्दल हे वाचून वडिलांचं डोकं फिरतं. त्यांना पाणी द्या आणि कामाला लागा.

अपील कुणाचं

अर्ज तिचा, नकार तिला, अपील मात्र तुमचं. कॅनडाच्या २००१ च्या इमिग्रेशन कायद्याच्या ६३व्या कलमाने हा हक्क स्पॉन्सरला दिलाय. सासवडला बसलेल्या सुनेनं काही करायचं नसतं; ब्रॅम्प्टनला बसलेल्या नवऱ्याने इमिग्रेशन अपील डिव्हिजनकडे जायचं असतं. नकार हाती पडल्यापासून ३० दिवसांत. फी नाही, त्यामुळे हे ३० दिवस पैसे जमवण्यात जात नाहीत, कुटुंबात चर्चा करण्यात जातात. पत्र गावच्या वकिलांना दाखवावं, मग ठाण्याच्या भाच्याला, मग ज्यांचा मेहुणा तिकडे 'इमिग्रेशनचंच बघतो' त्यांना, हा आपला रिवाज. तो पाळा, पण अपील दाखल केल्यावर पाळा.

दोघं कॅनडातच एकत्र राहत होतात आणि तिथूनच, तिथल्या जोडप्यांसाठी असलेल्या वर्गात अर्ज केला होता, तर हे अपील तुम्हाला नाही. तुम्ही थेट फेडरल कोर्टाकडे परवानगी मागायची. म्हणजे जे एका छताखाली राहतात त्यांना लग्न पटवून द्यायची ही संधी नाही. ज्यांच्यामध्ये अख्खा अटलांटिक पसरलाय त्यांना आहे. यामागे काही तर्क असणारच. आपण पुढच्या पाठाकडे वळू.

दफ्तर वाचणे

काही काळाने कॅनडाच्या इमिग्रेशन मंत्रालयाकडून अपील रेकॉर्ड येतं. त्यात तुम्ही दिलेले कागद असतातच, शिवाय अधिकाऱ्याच्या टिपण्याही असतात. या टिपण्यांत तुमच्या बायकोला नाव नाही, ती 'पीए' आहे, म्हणजे मुख्य अर्जदार. शैली तुटक असते. पहिली भेट आणि लग्न यांत तीन आठवडे. वधू वराहून शिकलेली जास्त. वर घटस्फोटित, वधू प्रथमवधू, हे त्यांच्या समाजात सहसा होत नाही. मधुचंद्र नाही. फोटोंत दोघं अवघडलेली.

इथे नवशिके चिडतात. चिडू नका, प्रत्येक ओळीला उत्तर लिहा. अधिकाऱ्याला आपल्या चालीरीती ठाऊक नाहीत ही गैरसमजूत काढून टाका. त्याला त्या ठाऊक असतात, आणि तुमचं लग्न त्यांत कुठे बसत नाही हेच तो शोधत असतो. फक्त त्याच्याजवळ पंचांग नसतं. तीन आठवड्यांत लग्न का उरकलं? कारण ख्रिसमसच्या सुटीला जोडून रजा मिळाली होती आणि पुढे पौष लागत होता. पौषात आपल्याकडे लग्न करत नाहीत आणि माघापर्यंत थांबायला कंपनीने रजा दिली नसती. हे लेखी द्या, सोबत त्या वर्षाच्या पंचांगातलं पान जोडा, कंपनीचं रजेचं पत्र जोडा. घाईला कारण असलं की ती घाई राहत नाही.

मधुचंद्राचं उत्तर याहून सोपं आहे. लग्नानंतर सत्यनारायण झाला, मग कुलदैवताला जेजुरीला गेलो, दोन गाड्या करून, आत्यासकट. चार दिवसांनी रजा संपली. हे लाजत सांगू नका. जेजुरीला नवऱ्याने नवरीला उचलून निदान पाच पायऱ्या चढायच्या असतात, आणि त्याचा फोटो कुणीतरी काढलेला असतोच: दोघं भंडाऱ्याने पिवळी, तुमचा चेहरा घामाने डबडबलेला, तिचा हात तुमच्या मानेभोवती करकचून, मागे सासूबाई 'जपून रे' म्हणत असाव्यात अशा मुद्रेत. व्हिसा मिळवण्यासाठी कुणी असा फोटो काढून घेणार नाही. हॉलमधल्या स्टेजवरचे, हारांच्या ओझ्याखाली ओळखपरेडला उभं राहिल्यासारखे दोनशे फोटो एका पारड्यात आणि हा एक दुसऱ्या पारड्यात.

पुरावा गोळा करणे

मराठी घरात नवरा-बायकोचं प्रेम दिसू नये अशी सगळी व्यवस्था असते. चारचौघांत हात धरायचा नाही, वडीलधाऱ्यांसमोर शेजारी बसायचं नाही, फोनवर बोलायचं तर गच्चीवर जायचं. आता हीच व्यवस्था मोडून त्या प्रेमाचे कागद करायचे आहेत.

सगळ्यात दमदार पुरावा म्हणजे व्हॉट्सॲप. नवशिक्यांना वाटतं, गोड गोड मेसेज निवडून द्यावेत. गोड मेसेज कुणीही पाठवतं. 'जेवलास का', 'हो', 'काय', 'खिचडी', 'परत?' हा संवाद तीन वर्षं रोज चालला असेल तर तो जपा. त्यात मध्येच सिलिंडर संपतो, आईचा गुडघा सुजतो, तुम्ही वाढदिवस विसरता आणि दोन दिवस नुसते 'हं' येतात. ते 'हं' काढून टाकू नका. भांडण खोटं पाडणं फार अवघड असतं. मात्र हे सगळं मराठीत असल्याने इंग्रजी किंवा फ्रेंच भाषांतर आणि भाषांतरकाराचं सहीनिशी निवेदन जोडावं लागतं. अनुवादक पानावर पैसे घेतो, तेव्हा दर महिन्यातले एक-दोन दिवस निवडा आणि ती निवड कशी केली तेही सांगा.

मग पैसे पाठवल्याच्या पावत्या, विमानाची तिकिटं, पासपोर्टवरचे शिक्के, विम्यात वारस म्हणून तिचं नाव. आत्या सुचवतील की एक मूल होऊ द्या, सगळे प्रश्न मिटतील. फेडरल कोर्टाने दोघांच्या अपत्याला बरंच वजन द्यावं असं म्हटलंय हे खरं, पण त्याने निकाल आपोआप लागत नाही. आत्यांना एवढंच सांगा की वकिलांशी बोलतो.

सर्वांत अवघड पाठ

कायद्याने दोन गोष्टी विचारल्यात. लग्न आज खरं आहे का, आणि लग्न केलं त्या वेळी मुख्य हेतू इमिग्रेशनचा होता का. पूर्वी दोन्ही बाबतींत नापास झालात तरच लग्न खोटं ठरायचं. ३० सप्टेंबर २०१० पासून एकीत नापास झालं तरी पुरतं. आणि सिद्ध करायचं तुम्ही, सरकारने नव्हे. संशयाचा फायदा वगैरे इथे नाही; खरं असण्याची शक्यता खोटं असण्याहून जास्त आहे एवढं पटवून द्यायचं.

पहिल्याला वर गोळा केलेले कागद पुरतात. खरी अडचण दुसऱ्यात आहे, आणि ती तुमच्या बायोडेटातच छापलेली आहे. नाव, गोत्र, रास, उंची, आणि त्याखाली ठळक अक्षरांत 'कॅनडा पी.आर.'. स्थळ आणणाऱ्या काकूंनी पहिल्या वाक्यात 'मुलगा कॅनडाला असतो' असंच सांगितलं होतं, मुलाचं नाव तिसऱ्या वाक्यात आलं. ज्या गोष्टीमुळे वधूपक्ष फोनवर आला, तिचा या लग्नाशी मुख्य संबंध नव्हता हे आता शपथेवर सांगायचं आहे.

खोटं बोलू नका, बोलावंही लागत नाही. कायद्याचा शब्द 'प्रामुख्याने' आहे. परदेशात राहावंसं वाटणं हा गुन्हा नाही. आपल्याकडे पगार, फ्लॅट, एकुलता एक असणं, या सगळ्याबरोबर तेही तोललं जातं. तिला विचारतील, हाच मुलगा हडपसरला नोकरीला असता तर केला असतास? 'हो, लगेच' हे उत्तर कुणालाच पटत नाही. त्याच्यात काय आवडलं, या प्रश्नाला शंभरातल्या नव्वद मुली 'स्वभाव' म्हणतात, आणि चाळीस मिनिटांच्या भेटीत स्वभाव कसा कळला, हा पुढचा प्रश्न तयारच असतो. तिला नेमकं काय घडलं ते आठवू द्या. तुमची आई सोन्याचा विषय काढत होती तेव्हा तुम्ही मध्येच 'आई, राहू दे' म्हणालात, हे तिच्या लक्षात राहिलं असेल तर तेच सांगू दे. तुम्ही तसं म्हणाला नसाल तर मात्र हा पाठ तुम्हाला लागू नाही.

सुनावणी

हल्ली सुनावणी बहुधा टीम्सवर होते. टोरांटोत उन्हाळ्यात सकाळचे नऊ म्हणजे सासवडला संध्याकाळचे साडेसहा: दिवेलागण, कुकरच्या शिट्ट्या. खोलीत ती एकटीच असायला हवी, दाराआड सासूबाईही नकोत. तुमची साक्ष चालू असताना तिला ऐकू दिलं जात नाही. दुभाषी मोफत मिळतो. 'हिंदी चालेल' असं म्हणू नका. मराठी माणसाला सगळं चालतं, त्यापायी अनेक मुलाखती बिघडल्यात. मराठीच मागा आणि तसं आधी लेखी कळवा.

काय विचारतील? त्याची शिफ्ट कोणती, खोलीत आणखी कोण राहतं, पगार किती, पहिलं लग्न का मोडलं, नणंदेच्या मुलांची नावं. तिला पगार ठाऊक नसतो, कारण तुम्ही तो आजवर कुणालाच सांगितला नाही. आजच सांगा. पण दोघांनी बसून उत्तरं पाठ करू नका. होकार कसा ठरला, यावर दोघांनी शब्दशः एकच वाक्य म्हटलं की सरकारची बाजू मांडणारा मंत्र्यांचा प्रतिनिधी मान वर करून पाहतो. तुम्ही म्हणणार 'तिने लगेच होकार दिला' आणि ती म्हणणार 'मला कुणी विचारलंच नाही, बाबांनी फोन केला'. हे दोन्ही खरं असू शकतं आणि अपील ऐकणाऱ्या सदस्याला ते समजावून सांगता येतं. तारखा मात्र जुळायला हव्यात.

रडून उपयोग होत नाही. ती तुमची पत्नी आहे हे कायद्याला पटल्याशिवाय माणुसकीची कारणं विचारात घेताच येत नाहीत, असं ६५वं कलम सांगतं. आईचं आजारपण शेवटी, एका वाक्यात.

निकालानंतर

हरलात तर १५ दिवसांत फेडरल कोर्टाकडे परवानगीचा अर्ज. नव्याने स्पॉन्सर करायलाही मोकळीक आहे, पण तेच कागद घेऊन दुसरं अपील केलंत तर हे आधीच ठरलंय म्हणून ते बाहेर काढतात. निर्णायक असं काही नवं हवं.

जिंकलात तर पेढे वाटण्याआधी एवढं वाचा. अपील मंजूर होणं म्हणजे व्हिसा मिळणं नव्हे. फाइल व्हिसा ऑफिसकडेच परत जाते आणि उरलेली तपासणी पुढे चालू होते. मेडिकल १२ महिनेच चालतं, ते केव्हाच संपलेलं असतं. त्यांनी नेमलेल्या डॉक्टरकडेच पुन्हा जायचं, आपले नेहमीचे डॉक्टर चालत नाहीत. पोलीस क्लिअरन्सही नवं मागतील, त्यासाठी पासपोर्ट सेवा केंद्राची तारीख घ्या. चौकशीला घरी हवालदार येण्याची शक्यता असते. तो चहा घेईल, आधार कार्ड बघेल, शेजाऱ्यांना विचारेल आणि मग विचारेल, 'लग्न होऊन इतकी वर्षं झाली, मग तुम्ही अजून इथेच कशा?' त्याला अपील रेकॉर्ड दाखवू नये.