माजी मुक्तिदाते सार्कोझी साहेबांस

श्री. निकोलस सार्कोझी,
माजी राष्ट्राध्यक्ष, फ्रान्स, यांस



पत्रास कारण की, तुरुंगातल्या दिवसांवरचं आपलं पुस्तक बाजारात आल्याचं कळलं. अभिनंदन! आमच्या लोकमान्य टिळकांनी मंडालेला सहा वर्षं काढली, त्यातून एक ‘गीतारहस्य’ आलं. आपण वीस दिवसांत काम उरकलंत. फ्रेंच माणसाचा कामाचा उरक वाखाणण्यासारखा आहे.

२०२५च्या सप्टेंबरात पॅरिसच्या न्यायालयाने आपल्याला पाच वर्षांची शिक्षा सुनावली. २००७च्या निवडणुकीसाठी लिबियाच्या गडाफीकडून पैसा मिळवण्याचा कट शिजला आणि त्यात आपण सामील होतात, असं न्यायालय म्हणालं. पैसा प्रत्यक्ष आपल्या प्रचारात आला, हे काही सिद्ध झालं नाही. बाकीच्या आरोपांतून आपण सुटलात. उरलेलंही सगळं खोटं आहे, असं म्हणत आपण अपिलात गेला आहात. त्याचं काय करायचं ते न्यायालय बघून घेईल. मला त्या पैशात फारसा रस नाही. माझी तक्रार २०११ सालची आहे आणि त्याबद्दल आपल्याला कुणी साधं समन्ससुद्धा काढलेलं नाही.

पण आधी डिसेंबर २००७. मुअम्मर गडाफी पॅरिसला आले, तो दिवस १० डिसेंबर, म्हणजे जागतिक मानवी हक्क दिन. मुहूर्त कुणी काढला होता? आपल्या राजवाड्याशेजारच्या ओतेल द मारिन्यीच्या बागेत त्यांच्यासाठी तंबू ठोकून दिला होता. भर थंडीत पाहुणा तंबूत बसून लोकांना भेटणार म्हटल्यावर यजमानांना केवढी धावपळ पडली असेल! आपल्याच मंत्रिमंडळातल्या, मानवी हक्कांचं खातं सांभाळणाऱ्या रामा याद बाईंनी त्या दिवशी जाहीर सांगितलं, की आपला देश म्हणजे काही पायपुसणं नाही, कुणीही यावं आणि आपल्या गुन्ह्यांचं रक्त पुसून जावं. बाई तरुण होत्या, नवीन होत्या. राज्य कसं चालतं ते त्यांना अजून कळायचं होतं. आपण मात्र सुमारे १० अब्ज युरोंच्या करारांचा आकडा पुढे केलात. त्यात १४ राफेल विमानं गडाफींच्या गळ्यात मारायचीही बोलणी होती. तो सौदा काही जमला नाही. पण राफेल शेवटी लिबियात पोहोचलंच, फक्त विकत न घेता. (त्या विमानाचे ३६ नग पुढे आम्हीही घेतले, तेव्हा त्या विषयावर मी आवाज जरा खाली ठेवतो.)

आता २०११. जानेवारीत ट्युनिशियाची माणसं रस्त्यावर उतरली होती, बेन अलींचे पोलीस गोळ्या घालत होते. अशा वेळी उठाव करणाऱ्या जनतेला फ्रान्सने काय देऊ केलं? आपल्या परराष्ट्रमंत्री मिशेल आलिओ-मारी यांनी ११ तारखेला संसदेत उभं राहून, जमाव कसा आवरावा याचं फ्रेंच पोलिसांचं कसब बेन अलींच्या मदतीला देऊ केलं. तीन दिवसांत बेन अलीच पळाले. शिवाय बाईंनी नाताळची सुट्टी ट्युनिशियात, तिथल्या एका बड्या व्यापाऱ्याच्या विमानातून फिरत घालवली होती, हे बाहेर आलं. २७ फेब्रुवारीला त्यांना जावं लागलं. आणि १९ मार्चला, म्हणजे तीन आठवड्यांच्या आत, आपण अरब जनतेचे तारणहार झालात. मतपरिवर्तनाला वाल्या कोळ्यालाही याहून जास्त वेळ लागला होता.

बेनगाझीतल्या उठावाची सुरुवात कशी झाली, हे आपल्याला त्या घाईत कुणी सांगितलं होतं का? त्रिपोलीच्या अबू सलीम तुरुंगात १९९६ साली सुमारे बाराशे कैदी गोळ्या घालून मारले गेले. घरच्यांना कित्येक वर्षं पत्ताही नव्हता. आपला माणूस आत जिवंत आहे, असंच ते धरून चालले होते. कळलं तेव्हा बेनगाझीतल्या आया, बायका, बहिणी दर शनिवारी फोटो घेऊन उभ्या राहू लागल्या. गडाफींच्या राज्यात दर शनिवारी असं उभं राहायचं, याला काय छाती लागत असेल! त्यांचे वकील फती तेरबिल यांना १५ फेब्रुवारी २०११ रोजी पोलिसांनी उचललं आणि त्या बायकाच आधी रस्त्यावर आल्या. शहर त्यांच्या मागून आलं. यात फ्रान्स नव्हता, नाटो नव्हती, आपले मित्र तत्त्वज्ञ बेर्नार-आँरी लेवी तर नव्हतेच.

त्या पहिल्या दिवसांतला एक फलक जगभर छापून आला होता. बेनगाझीतल्या एका इमारतीवर, लांबून वाचता यावा अशा मोठ्या इंग्रजी अक्षरांत. परकीय हस्तक्षेप नको, लिबियाची जनता एकटी निभावून नेईल, असा त्याचा मजकूर. अरबी बोलणाऱ्या गावात इंग्रजी फलक लावला, म्हणजे तो कुणी वाचावा म्हणून लावला होता, हे शेंबड्या पोरालाही कळेल.

मात्र मार्चच्या मध्यावर गडाफींचं सैन्य रणगाडे घेऊन बेनगाझीच्या वेशीवर आलं. घराघरात, गल्लीगल्लीत शिरून साफ करू, अशी भाषा त्यांनी आधीच केली होती. तेव्हा त्याच शहराने मदतीला हाक मारली आणि फ्रान्सचे झेंडेही फडकावले. त्यांना मी दोष देणार नाही. वेशीवर रणगाडे असताना फलकाशी इमान राखा, असं इथे पंख्याखाली बसून मी कोणत्या तोंडाने सांगू? १९ मार्चला आपल्या विमानांनी ते रणगाडे अडवले, यात मला तरी वावगं वाटत नाही. पुढे २०१६ साली ब्रिटिश संसदेच्या परराष्ट्र व्यवहार समितीने लिहिलं, की नागरिकांना असलेला धोका फुगवून सांगितला गेला होता. असेल. तरी संशयाचा फायदा मी आपल्याला १९ मार्चपुरता देऊन टाकतो. प्रश्न २० मार्चचा आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने १७ मार्चला १९७३ क्रमांकाचा ठराव केला. नागरिकांचं रक्षण करा, त्यासाठी लागेल ते करा, फक्त परकी फौज घुसवून देश ताब्यात घेऊ नका. बाजूने १० मतं, विरोधात शून्य. भारत, ब्राझील, जर्मनी, रशिया, चीन तटस्थ. तेव्हा आपल्याकडून बरंच ऐकून घ्यावं लागलं आम्हाला. उठाव सुरू झाला तेव्हा लिबियात आमची सुमारे १८ हजार माणसं कामाला होती. त्यांना आणायला मुंबईहून युद्धनौका निघाल्या होत्या, विमानांच्या फेऱ्या झाल्या होत्या. लोकशाहीवर भाषण ठोकायला आमच्याकडे जरा कमी वेळ होता, एवढं समजून घ्या.

ठरावात गडाफींना हटवा, असं कुठे होतं? मी दोनदा वाचला, मला नाही दिसलं. एप्रिलच्या मध्यात आपण, ओबामा आणि कॅमेरून यांनी मिळून लेख लिहिलात. त्यात आधी म्हटलंत, की गडाफींना बळाने हटवणं हे आमचं काम नव्हे. आणि लगोलग, गडाफी सत्तेत असलेला लिबिया आम्हाला कल्पनेतही बसत नाही. एका दगडात दोन पक्षी ऐकलं होतं, एका लेखात दोन युद्धं प्रथमच पाहिली. त्याच आठवड्यात आफ्रिकन युनियनची माणसं युद्धबंदीचा मसुदा घेऊन आधी त्रिपोलीला, मग बेनगाझीला गेली. गडाफींनी मान डोलावली, बेनगाझीने नाही म्हटलं. डोक्यावर नाटोची विमानं घिरट्या घालत असताना वाटाघाटीला कोण बसतो हो? उन्हाळ्यात आपल्या लष्कराने नफुसा डोंगरातल्या बंडखोरांसाठी पॅराशूटने शस्त्रं टाकली. लिबियावर शस्त्रबंदी होती आणि ती घालणाऱ्यांत आपलाच हात पहिल्या रांगेत वर होता.

आणि बहारीन? तिथेही लोक रस्त्यावर होते. १४ मार्चला सौदीची फौज समुद्रावरच्या पुलावरून बहारीनमध्ये उतरली, उठाव चिरडायला. १८ मार्चला, म्हणजे आपल्या ठरावाच्या दुसऱ्याच दिवशी, मनामातल्या ज्या मोत्याच्या चौकात माणसं जमत होती, तिथलं स्मारक बुलडोझरने पाडलं. पुन्हा जमायला जागाच नको! तिथे अमेरिकेचं पाचवं आरमार मुक्कामाला असतं. आपल्या लढाऊ विमानांना तो रस्ता सापडला नाही, याबद्दल मी नकाशावाल्यांना दोष देतो.

‘मग १९७१चं काय?’ असं आपण विचाराल. विचारा. आम्हीही दुसऱ्याच्या उठावात उतरलो होतो. आमचे हेतू गंगाजळाने धुतलेले होते, असं मी म्हणणार नाही. पाकिस्तान तुटल्याचं दिल्लीला दुःख झाल्याचं ऐकिवात नाही. पण एक कोटी निर्वासित आमच्या दारात येऊन पडले होते. पूर्व बंगालने १९७०च्या निवडणुकीत बहुमताने निवडून दिलेलं नेतृत्व होतं, राज्य त्याच्या हाती द्यायचं होतं. १६ डिसेंबरला शरणागती झाली आणि मार्च १९७२ मध्ये आमचं सैन्य परत आलं. हे जमतं म्हणून फुशारकी मारावी, तर पुढे श्रीलंकेत शांती करायला गेलो आणि हजाराहून अधिक जवान गमावून १९९० साली परतलो. तेव्हा मी काही सोवळ्यात बसून बोलत नाही.

आपला विजयाचा दिवस मात्र फार थाटाचा होता. १५ सप्टेंबर २०११ रोजी आपण आणि कॅमेरून बेनगाझीत, समोर गर्दी, घोषणा. २० ऑक्टोबरला सिर्तमधून निघालेल्या ताफ्यावर नाटोचा हल्ला झाला. गडाफी सांडपाण्याच्या नळात लपले, जमावाने ओढून काढले आणि संपवले. त्यांना न्यायालयात उभं करता आलं असतं, तर अबू सलीमच्या आयांना निदान उत्तर मागता आलं असतं. पण न्यायालयात माणूस बोलतो, नको तेही बोलतो. त्यांचे चिरंजीव सैफ यांनी बॉम्ब पडण्याच्या तीनच दिवस आधी युरोन्यूजवर आपल्याकडे पैसे परत मागितले होते, ते आठवत असेलच.

पुढचं आपण वर्तमानपत्रांत वाचलं असेल. गडाफींच्या फौजेतले तुआरेग शस्त्रांसह मालीत शिरले, त्यातून पेटलेला वणवा विझवायला २०१३ साली फ्रेंच सैन्यच धावलं आणि नऊ वर्षांनी तिथून काढता पाय घेतला. लिबियात एकाची दोन सरकारं झाली. आपल्या वारसांनी त्रिपोलीच्या सरकारला मान्यता दिली आणि त्याच सरकारवर चालून गेलेल्या पूर्वेच्या सेनापती हफ्तारच्या तळावर २०१९ साली फ्रान्सची क्षेपणास्त्रं सापडली. दर्ना शहराच्या वरच्या दोन धरणांची दुरुस्ती उठावात थांबली, ती थांबलीच. २०२३च्या सप्टेंबरात धरणं फुटून हजारो माणसं समुद्रात वाहून गेली. हे पाप आपल्या एकट्याच्या माथी मारणं अन्याय होईल. बारा वर्षांत दोन सरकारांपैकी एकालाही तिथे गवंडी पाठवता आला नव्हता.

पण साहेब, आपली खरी करामत लिबियात नाहीच. कुठलाही राजा आपल्याच रयतेची कत्तल करू लागला, तर जगाने मध्ये पडावं, हे २००५ साली संयुक्त राष्ट्रांत कसंबसं सर्वांनी मान्य केलं होतं. त्या संमतीवर आपण रणगाडे अडवायला गेलात आणि गादी उलथवून आलात. ४ ऑक्टोबर २०११ रोजी सुरक्षा परिषदेत सीरियाचा ठराव आला. किती मवाळ, तर निर्बंधसुद्धा नव्हते, नुसता निषेध आणि पुढच्या पावलांचा इशारा. रशिया आणि चीनने नकाराधिकार वापरला आणि रशियाने लिबियाकडे बोट दाखवलं. सीरियाच्या राष्ट्राध्यक्ष असादला वाचवायला त्यांना निमित्त हवंच होतं, हे खरं. ते इतकं फुकटात, इतकं कागदोपत्री पुराव्यासह मिळेल, असं मात्र त्यांनाही वाटलं नसेल.

सीरियातली माणसं तेव्हा दर शुक्रवारी रस्त्यावर उतरत आणि त्या शुक्रवारला एक नाव देत. २८ ऑक्टोबरच्या शुक्रवारचं नाव होतं विमानबंदीचा शुक्रवार. बेनगाझीवर जसं आकाश बंद केलंत तसं आमच्यावरही करा, एवढीच मागणी. त्याच शुक्रवारी ब्रसेल्समध्ये नाटोने लिबियाची मोहीम तीन दिवसांत गुंडाळायचं पक्कं केलं आणि महासचिव रासमुसेन यांनी जाहीर केलं, की नाटोच्या इतिहासातल्या सर्वांत यशस्वी मोहिमांपैकी ही एक आहे.

कळावे.

आपला,
तटस्थ देशातला एक नागरिक