हेडमास्तरांची एक जून

"काकू, ऐकलंत का? आमचा दादा रिटायर झाला. शाल, श्रीफळ, हार, फोटो, सगळं झालं. अन् घरी आला तो तोंड पाडून."

"का गं? पोलिसातून अंगाला डाग न लागता सुटला. देवापुढं नारळ फोडायचा सोडून!"

"अहो, 31 मेला सुटला ना!"

"अगंबाई. एक जूनवाला होय."

साताऱ्याजवळच्या आमच्या कॉलनीत मुंबईची नोकरी संपवून आलेले पोलीस आणि फायर ब्रिगेडवाले घरटी सापडतात. त्यामुळे कुंपणावरून मेथीच्या जुडीबरोबर पेन्शनचे नियमही इकडून तिकडे जातात. काकू हवालदारांच्या माघारी फॅमिली पेन्शनवर आहेत, वहिनींचे यजमान फायर ब्रिगेडमधून आलेले. मी आपला गच्चीत वाळवण राखत ऐकत असतो. ट्रेझरीतल्या बाबूला विचारण्यापेक्षा या दोघींना विचारलेलं बरं, असं माझं मत आहे.

"हेडमास्तरांनी शाळेत घालताना अख्ख्या वर्गाला एक जून लावून दिली," वहिनी सांगत होत्या. "पोलिसाला अठ्ठावन्न भरली की त्या महिन्याच्या अखेरीला निरोप. पण जन्म एक तारखेचा असला की आदल्या महिन्याच्या अखेरीलाच! म्हणजे मे. अन् इन्क्रिमेंट लागतं एक जुलैला."

"तीस जूनला सुटणाऱ्यांना आता मिळतं म्हणे."

"मिळतं ना. 2023 मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं, वर्षभर राबलाय तर वाढ द्या. हातात पगार येत नाही, पण पेन्शन काढताना ती धरतात. मास्तरांनी नुसतं दोन जून लिहिलं असतं, तरी एका महिन्याचा पगार अन् जन्मभराची वाढ!"

"खरा जन्म कधीचा?"

"आई म्हणायची, गौरी जेवल्या त्या दिवशी झाला."

"म्हणजे भाद्रपद! अगं, मग तर चार महिने गेले की गं हातचे."

"तेच तर! आता मास्तरही नाहीत भांडायला."

काकूंनी हवालदारांच्या सेवापुस्तकाची गोष्ट काढली, ती मी गाळतो. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायच्या वेळी ती होतेच. मुद्द्याचं एवढंच, की काकांनी पेन्शन विकली होती. चाळीस टक्के विकून एकरकमी पैसे घेतले, त्यात गावाकडं स्लॅब पडला. पंधरा वर्षं महिन्याला कापून घेतात, मग पुन्हा पूर्ण सुरू होते. काका त्याआधीच गेले. "माझ्या पेन्शनीतून ते कापत नाहीत हो," काकू म्हणाल्या. "कापायला राहिलंय काय? मूळ पगाराच्या तीस टक्के येतात, वर महागाई भत्ता. पण कुणापुढं हात पसरावा लागत नाही."

"तुमचं बरंय, जुनी आहे. आमच्या घरात बघा. बापानं आगीत उड्या मारल्या, त्याला जुनी. पोरगं त्याच आगीत उड्या मारतंय, त्याला नवी. पालिकेत 5 मे 2008 नंतर लागला की संपलं."

"अन् सरकारात 1 नोव्हेंबर 2005."

"हो. पगारातले दहा टक्के पोराचे, चौदा पालिकेचे, ते जातात बाजारात. रिटायर होताना साठ टक्के हातात, उरलेल्या चाळीसची पेन्शन विकत घ्यायची. किती येईल? तर बाजाराला विचारा. शिडीवर चढताना कुणी विचारतं का, बाबा तू 2008 च्या अलीकडचा का पलीकडचा?"

दरवर्षी 14 एप्रिलला अग्निशमन दलात मानवंदना होते, 1944 साली गोदीतल्या स्फोटात गेलेल्या सहासष्ट जवानांना. वहिनींचे यजमान त्या दिवशी गावातही पहाटे आंघोळ करून बसतात. वहिनींना त्या दिवसाचा विषय काढलेला आवडत नाही, मुलगा नोकरीत असल्यामुळे.

"माझ्या पुतण्याचं नशीब बघ," काकू म्हणाल्या. "पोलिसात लागला 2006 ला, पण भरतीची जाहिरात निघालेली नोव्हेंबर 2005 च्या आधी. इतकी वर्षं नव्यात कुजला. 2024 ला सरकारनं जीआर काढला, जाहिरात जुनी असेल तर पेन्शन जुनी. पठ्ठ्या पेपरचं कात्रण जपून होता!"

"संपाला यश आलं म्हणायचं."

"त्याला कुठला संप? 2023 च्या मार्चमध्ये सगळे 'एकच मिशन, जुनी पेन्शन' ओरडत होते, तेव्हा हा काठी घेऊन त्यांच्याच मोर्चाच्या बंदोबस्ताला. पोलिसाला संप करायची मुभा नाही बाई. 82 साली मुंबईत केला होता. नवीन लग्न झालेलं माझं. लष्कर आलं रस्त्यावर, किती जणांच्या नोकऱ्या गेल्या, संघटनेची मान्यता गेली. हे त्या दिवशी पोटात दुखतंय म्हणून घरीच झोपलेले."

"खरंच दुखत होतं?"

"पस्तीस वर्षं विचारलं, नाही सांगितलं."

दोघी हसल्या. माझ्या कुरडयांवर कावळा बसला तेही माझ्या लक्षात आलं नाही.

"ते जाऊ दे, पोराच्या स्थळाचं काय झालं?"

"कराडचं आलंय. मुलीचे वडील रिटायर्ड मास्तर. पगार विचारला नाही, घर विचारलं नाही. पहिला प्रश्न, पेन्शन जुनी का नवी?"

"मग?"

"म्हटलं, मुलगाच नवा आहे, पेन्शन जुनी कुठून आणू? जुनी पाहिजे तर याच्या बापाचं बघा."

"अगं काय हे! उठून गेले असतील."

"कसले जातात! हसले. येत्या रविवारी बघायला येतायत. तुमचे ते निळे कप द्या काकू, आमच्यातले दोन टवकलेत. अन् दादाला मुद्दाम नाही बोलावलं. मास्तर दिसले की तो एक जून काढेल."